माहेरचं कोणी

“माहेरनं कोनी शे का?”

कुळाचा म्हातारा जान्या अंगणात उभा राहून पुन्हा विचारत होता. काळीबाईला खाटेवरून खाली घेतलं होतं, खड्डा खणून झाला होता, आणि सगळं अडलं होतं ते या एका प्रश्नावर. बाई गेली की तिच्या अंगावर पहिलं कापड पडायचं ते माहेरचं. मग सासरचं, मग गावाचं. मानमोडीच्या तापाने त्या महिन्यात घरंच्या घरं आडवी केली होती, तरी ही रीत कुणी मोडली नव्हती.

कुंपणाबाहेर आमशा उभा होता. काखेत खापर गावच्या बाजारातलं कोरं लुगडं. प्रश्न त्याला ऐकू येत होता.

अठरा-एकोणीस वर्षांमागे, छप्पन्न्याच्या दुष्काळात, याच आमशाने काळीला उचलून घरी आणलं होतं. डोंगरातून माणसं खाली उतरत होती, पडत होती, आणि एका मेलेल्या बाईजवळ ही पोर माती चाटत बसली होती. कुठली, कुणाची, कोणत्या कुळाची, काही ठाऊक नाही. आमशाच्या बायकोला, कमलीबाईला, मूल नव्हतं. तिने पोरीला पोटाशी धरलं, आणि आमशाने कुळाच्या झाडापुढे, कळंबापुढे, तिचं डोकं टेकवून तिला आपलं कूळ दिलं. कळंबाच्या कुळातली माणसं त्या झाडाला कुऱ्हाड लावत नाहीत, त्याचं वाळकं लाकूडही चुलीत घालत नाहीत. कुळाचा मूळपुरुष पुरात कळंबाच्या फांदीला धरून वाचला, असं म्हातारे सांगत. काळी तर पायाखाली कळंबाचं पान आलं तरी वळसा घालून जायची. कमलीबाई हसून म्हणायची, “मन्हापेक्षा तूच जास्ती कळंबनी शेस.”

आणि या पोरीचं मन बसलं ते नेमकं फुलसिंगवर. तोही कळंबाचाच.

एका कुळातली पोरं म्हणजे भाऊ-बहीण. लग्नाचं नाव काढायचीही सोय नाही. काळीने जेवण सोडलं, बोलणं सोडलं, दिवसेंदिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. शेवटी आमशालाच ते बघवेना. तो पंचांपुढे जाऊन म्हणाला, “पोर मन्ही नही. मन्हा कुळनी बी नही. दुष्काळमा सापडनी व्हती.”

पंचांचं नुसत्या बोलण्यावर भागलं नाही. जान्याने कळंबाची ओली डहाळी मागवली आणि काळीच्या हातात दिली.

“कळंबनी नही ना तू? मंग तोड.”

काळी आमशाकडे बघत राहिली. त्याने मान हलवली, तेव्हा तिने डहाळी मोडली. मोडताना ती हुंदके देऊन रडत होती आणि आमशा भलतीकडेच बघत होता. फुलसिंगला बायको मिळाली. आमशाला एक लेक होती, ती गेली. पुढे तो तिच्या घरी गेला तरी परक्यासारखा ओट्यावर बसायचा आणि पाणी पिऊन उठायचा. बाबा म्हणून हाक मारायची तिला चोरी होती.

मायेने केलेल्या गोष्टीलाही असा दंड बसतो, याचा मला राग येतो. पण तो काढायचा कुणावर? जान्यावर? तो स्वतःचा तरणाताठा लेक पुरून आला होता.

जान्या आता कुंपणापाशी आला होता. आवाज उतरवून म्हणाला, “आमशा, लुगडं मी देखी ऱ्हायनू. पन तू माहेरना म्हनीसन टाकशी, तर ती कळंबनी ठरी. फुलसिंगनी बहिनसंगे संसार मांडा, आसं व्हई. त्याले कुळनं बाहेर काढतीन.”

फुलसिंगने ते ऐकलं. त्याच्या कडेवर त्याची लहान मुलगी होती, तापाने डोळे मिटलेली. तो तिथूनच ओरडला, “टाकू द्या त्याले! काढा माले बाहेर!”

“आनि ही पोरगी?” जान्या म्हणाला. “उद्या हिले कोन आपला घरमा लेई?”

फुलसिंगने पोरीचं डोकं आपल्या खांद्याशी ओढून घेतलं. आमशाने नातीकडे बघितलं. नाकडोळे अगदी काळीचेच होते. जान्या अंगणात परत गेला, आणि मन घट्ट करून त्याने शेवटचं विचारलं, “माहेरनं कोनी शे का?”

“नही,” आमशाच म्हणाला. “तिले माहेर नही.”

सासरचं कापड पडलं. मग गावातली माणसं ओळीने पुढे आली. ज्याने त्याने आपलं नातं सांगायचं आणि कापड टाकायचं. आमशा सगळ्यांच्या शेवटी आला. लुगड्याची घडी त्याने उलगडली, तिच्या पायांवरून गळ्यापर्यंत सारखी केली, आणि परक्या माणसाला शोभणार नाही इतका वेळ तो तिथे वाकून राहिला.

“कोन तू?” रीतीप्रमाणे जान्याने विचारलं. विचारताना त्याला आमशाच्या तोंडाकडे बघवलं नाही.

“वळखीना मानूस,” आमशा म्हणाला.

घरी कमलीबाई अंथरुणाला खिळली होती. मानमोडीने तिच्या पायांतलं बळच नेलं होतं, नाहीतर तिला घरात थांबवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. आमशा दारात दिसताच तिने मान उचलली.

“लुगडं घिदं त्यास्नी?”

“घिदं.”

“पह्यलं?”

आमशाने डोक्याचं फडकं सोडलं, झटकलं आणि खुंटीला अडकवलं.

“हाव. पह्यलं.”

“मंग बरं व्हयनं,” कमलीबाई म्हणाली आणि तिने डोकं खाली टेकलं. “पोर मन्ही व्हती, समदास्नी देखं ना आते.”

“हाव,” आमशा म्हणाला, आणि चुलीपुढे बसून विस्तव फुंकू लागला.