कान्हूचं अळणी जेवण

पेशंट बरा झाला की मला आनंद होतो, पण तो बरा का होत नाही हे कळलं नाही की मला जेवण गोड लागत नाही. पेणला दवाखाना काढल्यापासूनची खोड आहे ही. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली कान्हूनं माझा अख्खा उन्हाळा बेचव केला.

कान्हू धरमतरच्या खाडीकाठच्या एका मिठागरावरचा मुख्य माणूस. खाडीचं पाणी एका वाफ्यातून पुढच्या वाफ्यात कधी सोडायचं, मीठ कधी ओढायचं, हे त्यानं सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. डावा डोळा लहानपणीच देवीच्या साथीत गेलेला. आता उजव्यात मोतीबिंदू झाला होता. रोह्याचे डोळ्यांचे डॉक्टर कमळाकर ऑपरेशन करणार होते, पण कान्हूचं ब्लडप्रेशर बघून त्यांनी त्याला माझ्याकडे परत पाठवलं.

"एकच डोळा आहे हो," ते फोनवर म्हणाले. "या प्रेशरवर उघडला आणि आत रक्तस्राव झाला तर माणूस कायमचा आंधळा. फार थांबलो तरी मोतीबिंदू पिकून डोळा जाईल. पावसाच्या आत प्रेशर उतरवून द्या."

स्पेशालिस्ट लोकांचं हे बरं असतं. डोळा तेवढा त्यांचा आणि डोळ्याभोवतीचा सगळा माणूस आम्ही दुरुस्त करून द्यायचा! मी चरफडले, पण त्यांचं म्हणणं खरं होतं.

मी गोळ्या दिल्या आणि मीठ बंद केलं. मिठागरवाल्याला मीठ बंद सांगताना मलाच ओशाळल्यासारखं झालं. कान्हूनं मात्र मुकाट मान डोलावली. तरी मधले थोडे दिवस सोडले तर पारा आपला वरच. गोळ्या वाढवल्या, लघवी-रक्त तपासलं, मूत्रपिंडं धड निघाली. मग माझा संशय वळला त्याच्या बायकोकडे.

"बायजाबाई, खरं सांगा. सुकट देता? पापड? लोणच्याची फोड?"

पुढच्या खेपेला येताना तिनं डबा आणला आणि माझ्या टेबलावर, स्टेथोस्कोप बाजूला सारून, उघडून ठेवला. भाकरी, वालाची आमटी, वांग्याची भाजी.

"खावा," ती म्हणाली.

मी घास घेतला. आमटीला मिठाचा स्पर्शसुद्धा नव्हता. भाकरी तर तोंडात फिरत राहिली.

"शिमग्याच्या आधीपासून हा माणूस हेच गिळतोय. मी पन त्याच्यासंगं हेच खातंय. आनि तुमी मला चोर ठरवता!"

बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावून बघत होते. मी गुपचूप ती भाकरी संपवली, दुसरं काय करणार?

पण शिमग्याचं नाव तिनं काढलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. शिमग्यात कान्हूच्या पायाला काच लागली होती आणि तो बरेच दिवस आगरावर गेलाच नव्हता. त्याच वेळी प्रेशर चांगलं उतरलेलं. मी ते गोळ्यांचं यश समजून खूश झाले होते. पाय बरा झाला, तो कामावर गेला आणि पारा पुन्हा चढला. म्हणजे मीठ घरात नव्हतंच. मग होतं कुठं? आता मला दवाखान्यात बसवेना. एका रविवारी एसटी पकडून सरळ आगर गाठलं.

दुपारचं ऊन वाफ्यांवरून डोळ्यांत घुसत होतं. बायजाबाई इतर बायकांबरोबर मिठाच्या पाट्या वाहत होती. कान्हू बांधावरून पायानं चाचपत चालला होता. एका वाफ्याशी तो उकिडवा बसला, हात पाण्यात बुडवून घोटभर पाणी तोंडात घेतलं, घोळवलं, गिळलं आणि ओरडला, "सोडा!" मग पुढचा वाफा. पुन्हा हात पाण्यात, पुन्हा घोट.

मी बांधावरून जवळजवळ पळतच गेले. "कान्हू! हे काय चाललंय?"

"कोन? डाक्टरीणबाई?" तो दचकला. "पानी बघतोय."

"बघतोयस की पितोयस? तुला मीठ खायचं नाही म्हटलं ना!"

"खातो कुठं? जेवनात कनभर नाय. हे तर कामाचं पानी."

मला हसावं की रडावं कळेना. हे पाणी म्हणजे पातळ केलेलं मीठच, आणि ते हा दिवसभर घोटाघोटानं पीत होता! "निदान थुंकायचं तरी!"

"आगरात थुंकायचं?" तो खरोखर दुखावला. "मिठावर कोनी थुंकत नाय, बाई."

"सगळे असंच चाखतात?"

तो अगदी हळू म्हणाला, "कोनी नाय. मी पन नाय चाखायचो. पान्यावर मिठाची साय धरते ती बघून कळायचं. औंदा साय दिसत नाय."

आता सगळा गुंता सुटला. डोळा मंदावला म्हणून तो चाखत होता, चाखत होता म्हणून प्रेशर चढत होतं, आणि प्रेशरपायी डोळा तसाच राहत होता. आगरावर बायजाबाईशिवाय कुणाला त्याच्या डोळ्याचा पत्ता नव्हता. रोह्याला पोटाच्या औषधाला जातो, असं त्यानं सांगून ठेवलं होतं.

"चाखणं बंद कर," मी म्हणाले. "दुसऱ्या कुणाला बघायला सांग."

"मंग मी कशाला हवा? आंधळ्याच्या शब्दावर पानी कोन सोडंल? ऱ्हाऊ दे बाई तो डोळा."

मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. पण या दुखण्यावर माझ्याकडं गोळी नव्हती.

तेवढ्यात पलीकडच्या बांधावरून काळुराम नावाचा गडी ओरडला, "कान्हू, ह्यो वाफा सोडू का?"

कान्हू चाचपत तिथं गेला आणि उकिडवा बसला. सवयीनं हात पाण्यात गेला, वर आला, आणि ओठांपाशी थांबला. त्यानं तो धोतराला पुसला. मग सगळ्या आगराला ऐकू जाईल असा आवाज लावला.

"बायजा, हिकडं ये गो! मला दिसत नाय. काय दिसतंय ते सांग."

बायका पाट्यांसकट थबकल्या. बायजाबाईनं पाटी उतरवली, आली, वाकली.

"कडेनं साय धरलीय. मधी अजून पानी हलतंय."

"मंग थांबा!" कान्हू ओरडला.

काळुरामनं फावडं खाली ठेवलं. कुणी हसलं नाही, कुणी काही विचारलं नाही. सगळे थांबले.

त्यानंतर प्रेशर असं उतरलं की मला गोळ्या कमी कराव्या लागल्या. पावसाच्या आत ऑपरेशन झालं. पट्टी सोडायच्या दिवशी मी मुद्दाम रोह्याला गेले. कमळाकरांनी पट्टी काढली, कान्हूनं डोळा उघडला, मिचकावला, आणि एवढ्या दिवसांच्या सवयीनं बायकोकडे तोंड करून विचारलं, "काय दिसतंय गो?"

बायजाबाईनं पदर तोंडाला लावला होता.

"आता तुमी सांगा," ती म्हणाली.