वाघाचा डावा डोळा

मित्रांनो, मी एक जुना वाघ आहे. पण नुसत्या डोक्यापुरता, आणि तोही कागदाचा. कनेरगाव नाक्याजवळच्या एका खेड्यात, १९४४ सालच्या हिवाळ्यात, शाळेतल्या मुलांनी मला घडवलं. हिंगोलीला सर्कस येऊन गेली होती. ती पाहून आलेल्या तातेराव गुरुजींनी ठरवलं, आपल्या शाळेचीही सर्कस करायची.

मुलांनी रद्दी चार दिवस भिजवली. बायका कागदी टोपल्यांसाठी करतात तशी तिच्यात मेथी कुटून घातली आणि तो लगदा पालथ्या मडक्यावर थापला. हळदीनं मला पिवळं केलं, काजळीनं पट्टे ओढले. चूक एकच झाली. डोळ्यांची भोकं त्यांनी लगदा ओला असतानाच पाडली. लगदा वाळताना आटतो. मीही आटलो, थोडा वाकडा झालो आणि माझा डावा डोळा जागचा सरकला.

वाघ झाली तांड्यावरची जिवनी. तिच्याएवढी लांब उडी शाळेत कुणाचीच नव्हती. तिनं मला घातलं. तिला फक्त उजव्या डोळ्यानं दिसत होतं. मित्रांनो, एक डोळा झाकून सुईत दोरा ओवून पाहा. वस्तू दिसते, पण किती लांब आहे ते नीट कळत नाही. वाघानं ज्यातून उडी मारायची, त्या गोल लोखंडी कड्यावर सरावात दोनदा तिचा गुडघा आपटला.

"अगं, पाय उचल!" गुरुजी ओरडले.

ती पुन्हा धावायला मागे गेली. डोळ्याचं बोलली असती तर वाघ दुसऱ्याला मिळाला असता.

खेळाच्या दुपारी सारं गाव जमलं. गुरुजींनी कड्याला तेलात भिजवलेल्या चिंध्या गुंडाळल्या आणि पेटवल्या. सर्कशीत त्यांनी तसंच पाहिलं होतं. मी कोरडा कागद. त्या आगीकडे बघून माझा जीव उडाला. आत जिवनीच्या घामानं मी ओला होत होतो. ती धावली. ज्वाळा जवळ आली, की अजून लांबच होती? तिला कळेना. मलाही कळेना. मला ओरडायचं होतं. पण कागदाच्या जबड्यातून आवाज कसा निघणार?

ती थांबली.

"काहून थांबला रे वाघ?" कुणी तरी हसलं. "शेपूट घातली व्हय?"

"गुरुजी," ती रडवेली झाली, "मला भेव वाटून राहिलं. डाव्या डोळ्यानं दिसतच न्हाई."

"आण इकडं. एवढं काय असतंय!" म्हणत गुरुजींनी मलाच डोक्यावर चढवलं आणि कड्याजवळ हात नेऊन दाखवायला गेले. अंतर चुकलं. बोटं थेट जाळात!

"आई गं!"

लोक खदाखदा हसले. गुरुजी मात्र हसले नाहीत. त्यांनी मला उतरवलं, पाण्याची घागर उचलली आणि कड्यावर ओतली.

"पोरी, हे आधी सांगितलं काहून न्हाईस?"

"तुमी विचारलं न्हाई, गुरुजी."

मग जिवनीनं मला न घालताच विझलेल्या कड्यातून उडी मारली. पोरं नाचली.

आज मी शाळेच्या कपाटावर आहे. एक कान उंदरांनी नेला. त्याचं दुःख नाही. पण मित्रांनो, कुणाला वाघ करायचं असेल, तर वाघाचं डोकं आधी स्वतः घालून पाहा. आणि आतलं लेकरू भ्यालंय का, ते आग पेटवण्याआधी विचारा.