स्नायूतली साखर

धम्मदीपनं बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. फुटाळा तलावाच्या काठानं चालायला लागून त्यांना पाच मिनिटंही झाली नव्हती, आणि नाडी बांधायची ही तिसरी वेळ. पुष्पलता दोन पावलं पुढं जाऊन थांबली. नाडी मघाही नीटच बांधलेली होती, हे तिनं पाहिलं होतं.

"चल ना गा."

"तू हो पुढं, ताई. मी आलोच."

तो उठला नाही. एक हात बुटावर होता, दुसऱ्या हाताचा अंगठा पोटरीत रुतला होता. जानेवारीतल्या थंडीतही त्याच्या कपाळावर घाम होता. ऑफिसच्या तपासणीत वजन जास्त निघालं, म्हणून त्याच्या बायकोनं त्याला मोठ्या बहिणीच्या हवाली केलं होतं. 'ताईंसोबत तरी चालाल,' असं म्हणून.

धम्मदीप शेहेचाळीस वर्षांचा होता. मिहानमधल्या एका गोदामात दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायचा. घरात त्याचं एक जुनं नाव होतं, बस्क्या. बसून राहणारा. ते वडिलांनी ठेवलं होतं.

पुष्पलताही मनातून त्याला आळशीच समजत आली होती. पण त्या सकाळी परत फिरल्यावर एक गंमत झाली. तीच मागं पडली. तिला धाप लागली होती, आणि धम्मदीप पुढं चालता चालता मान वळवून तिला ऑफिसातल्या गोष्टी सांगत होता. घाम नाही, नाडी नाही, काही नाही.

घरी येऊन चहा टाकताना ती तशीच उभी राहिली. आळशी माणूस शेवटी थकायला पाहिजे. हा सुरुवातीलाच थकतो आणि मग बरा होतो. असं कसं?

ती कनिष्ठ महाविद्यालयात सव्वीस वर्षं जीवशास्त्र शिकवत होती. श्वसनाच्या धड्याची सुरुवात दरवर्षी एकाच वाक्यानं करायची. 'श्वसन म्हणजे नाकानं श्वास घेणं नव्हे. पेशी अन्न फोडून ऊर्जा मोकळी करते, ते श्वसन.' साखरेचा रेणू एकदम जळत नाही, टप्प्याटप्प्यानं तुटतो, हे ती फळ्यावर बाण काढून दाखवी. खूप धावलं की स्नायूत लॅक्टिक आम्ल साठतं, हेही सांगे. मुलं लिहून घेत. इतक्या वर्षांत त्या बाणांपैकी एखादा खोडून पाहावा, असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं हातात घड्याळ घेतलं. तिसऱ्या दिवशी वही. धम्मदीपला वाटलं, ताई त्याची पावलं मोजते आहे.

"काय लिहून राहिली तू?"

"तू थांबतो ते."

त्याचा चेहरा उतरला. "तूबी आता बाबासारखीच."

"तसं नाही रे. मला सांग, थांबतो तेव्हा नेमकं काय होतं?"

तो तलावाकडे पाहत राहिला. असं त्याला कुणी विचारलंच नसावं.

"पाय लाकडासारखे होतात. पुढं रेटलं तर दगडच. थोडं थांबलं की कोनीतरी आतून सोडून देते." मग तो हळूच म्हणाला, "ते भरती आठवते तुले?"

तिला आठवत होती. चोवीस वर्षांपूर्वीची पोलीस भरती. गिरणीतून सुटी काढून बाबा मैदानाच्या कुंपणाशी उभे होते. सोळाशे मीटरच्या शर्यतीत धम्मदीप पहिल्याच फेरीत खाली बसला. बाबा तिथूनच मागं फिरले. त्यानंतर ते मुलाशी कामापुरतंच बोलले.

"मी बसलो नव्हतो, ताई. पायच वळले. आन् संध्याकाळी लघवी झाली ते बिनदुधाच्या चायसारखी. दोन दिवस. मी भेलो. कोनाले सांगतलं नाही."

पुष्पलतानं वही मिटली. फुटलेल्या स्नायूचा रंग असा लघवीतून बाहेर पडतो, हे तिनं कुठंतरी वाचलं होतं.

पुष्पलता भावाला घेऊन आपल्या जुन्या विद्यार्थिनीकडे, नूपुरकडे गेली; ती आता मज्जातंतूंची आणि स्नायूंची डॉक्टर होती. तिनं धम्मदीपच्या दंडाला सुई लावून ठेवली, त्याला एक मिनिट मूठ आवळायला-सोडायला लावली आणि दर थोड्या वेळानं रक्त घेतलं. आकडे आले तेव्हा तिनं कागद पुष्पलतापुढं सरकवला.

"मॅडम, तुम्हीच वाचा."

लॅक्टेटची, म्हणजे त्या लॅक्टिक आम्लाची, रेघ सपाट होती; मूठ आवळूनही ते वाढलं नव्हतं. पुष्पलतानं कागद खिडकीच्या उजेडात धरून पुन्हा पाहिला. फळ्यावरचा तिचा एक बाण तिच्या सख्ख्या भावाच्या अंगात नव्हताच.

जनुकांचा अहवाल यायला महिना लागला. त्यानंही तेच सांगितलं. स्नायूत साठवलेली साखर फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, धम्मदीपच्या स्नायूत जन्मापासून तयार होत नव्हतं. जडीबुटी नाही, गोळी नाही. पण कसं चालायचं, काय टाळायचं, चालण्याआधी काय खायचं, हे नूपुरनं नीट लिहून दिलं.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर धम्मदीप फाइल मांडीवर घेऊन बसला.

"म्हणजे मी आळशी नाई?"

"नाही."

तो हसला. मग हसणं अर्धवट सोडून त्यानं फाइलची दोरी गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "बाबाले नको सांगू. ऐंशी वर्षांचे झाले. आता काय फायदा?"

पुष्पलतानं फाइल त्याच्याकडून घेऊन आपल्या पिशवीत टाकली. रविवारी ती फाइल घेऊन इंदोऱ्याला वडिलांकडे गेली.

धोंडबा ओट्यावर ऊन खात बसले होते. कापडगिरणीच्या बॉयलरवर तीस वर्षं काढलेला माणूस. खांदे अजून रुंद होते.

"काय वं, आज एकटीच?"

"एक सांगायचं होतं, बाबा. धम्मदीपचं."

"आता कुठं बसला?"

तिनं फाइल उघडली. पेशी, विकर हे शब्द तोंडात आले, पण तिनं ते गिळले. म्हणाली, "आपण जेवतो ना, त्यातली थोडी साखर अंग स्नायूत साठवून ठेवतं. धावायला लागलो की स्नायू पयले तीच फोडतो. याच्यात ती साठते, पण फुटतच नाही. भरून पडली आहे, कामाची नाही."

धोंडबांनी फाइलकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे यार्डात कोळसा हाय, पन भट्टीपाशी येत नाई."

"अगदी तसंच."

"मंग भट्टी चालते कशी?"

पुष्पलता पुढं सरकली. तिच्या वर्गात इतका नेमका प्रश्न क्वचितच आला होता. "दुसरीकडून येतं. रक्तातून थोडी साखर, चरबीतून थोडं. पण ते पोचायला वेळ लागतो. तोवर तो जोर करत राहिला तर स्नायूच फुटतो. म्हणून तो थांबतो. थांबला की पुढं आपल्यासारखाच चालतो. भरतीच्या दिवशी त्याला थांबता आलं नाही."

"मंग तवाच काहून नाई सांगतलं त्यानं?"

"त्यालाच कुठं माहीत होतं, बाबा."

धोंडबांनी चश्मा काढून बंडीच्या टोकाला पुसला. पुन्हा लावला नाही.

"हे येते कुठून?"

"आईबापाकडून. दोघांकडून थोडं थोडं यावं लागतं. नात्यात लग्न झालं असलं की जास्त..." ती थांबली. आई ही बाबांच्या मामाची मुलगी. आईला जाऊन एकतीस वर्षं झाली होती. नूपुरनं ते नातं कागदावर लिहून घेतलं तेव्हा पुष्पलताच्या मनात फक्त धम्मदीप होता.

धोंडबा समोरच्या गल्लीकडे पाहत होते.

"तुही मायबी बसे," ते म्हणाले. "नवी नवरी होती तवा. नळ लई दूर होता. डोक्यावर पान्याचा गुंड घेतला की चार घरं जाऊन खाली बसे. मले लाज वाटे. मी म्हनो, ढोंग करते. मी पुढं निघून जावो."

पुष्पलतानं फाइल मांडीवर ठेवली.

"तिलेबी हेच होतं का वं?"

"असू शकते, बाबा. आता तपासता येत नाही."

"असू शकते," ते म्हणाले. मग विचारलं, "किती वेळ थांबा लागते म्हने?"

"फार नाही. आठ-दहा मिनिटं. नुसतं हळू चाललं तरी होतं."

"आठ-दहा मिनिटं."

"हो."

"बस, एवढंच?"

 धोंडबांनी हात पुढं करून तिच्या मांडीवरचा अहवाल घेतला. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. तरी ते एकेक पान सावकाश उलटत शेवटपर्यंत गेले, आणि शेवटचं पान पालथं करून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.