झाडावर कसर नाही

मित्रांनो, मी पतंगाच्या जातीची एक तिळाएवढी पाकोळी आहे. पुस्तकात माझं नाव शोधू नका, सापडणार नाही. माणसाने हत्तीला नाव दिलं, ढेकणाला दिलं, माझ्यापर्यंत येता येता त्याला कंटाळा आला असावा. ठेचायचा कंटाळा मात्र त्याला येत नाही. मी गोड बोलणार नाही, आधीच सांगते.

माझा जन्म हर्सूलच्या तळ्याकाठी, सरकारी पड जमिनीवरच्या हिंगणाच्या झाडावर झाला. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला नऊ वर्षं झाली होती. हिंगण काटेरी, दिसायला ओबडधोबड. पण त्याच्या फळाचा फेस करून बायका रेशीम धूत. आमची अळी त्याच्याच पानाच्या दोन पदरांमध्ये शिरते आणि आतल्या आत खात जाते. बाहेरून फक्त एक पांढरी वाकडी रेघ दिसते. दुसऱ्या झाडाचं पान आम्हाला चालत नाही, आणि दुसरं हिंगण आमच्या पंखांच्या टप्प्यात नव्हतं. हे झाड गेलं की आम्ही गेलो, इतका साधा हिशेब.

मी अंड्यात होते तेव्हाच आई गेली. गावातल्या द्वारकाबाईंनी आपल्या आईची पैठणी धुऊन झाडाच्या सावलीत दोरीवर टाकली होती. उलगडली तर पदराला भोकंच भोकं. जवळच माझी आई बसलेली. द्वारकाबाईंनी तिला अंगठ्याखाली चिरडलं आणि गावभर सांगितलं, की या झाडावरनंच कसर येते. कसर म्हणजे कापड खाणारा किडा. रझाकारांच्या धास्तीने ती पैठणी पेटीत घालून कडब्याखाली पुरली होती, नंतरही वर्षानुवर्षं तिला ऊन दाखवलं नव्हतं, हे त्या विसरल्या. त्यांचे मालक पुंजाराम यांनी झाड तोडायच्या परवानगीचा अर्ज कचेरीत टाकला.

शाळेचे सदाशिव गुरुजी समजवायला झाडाखाली आले. ते म्हणाले, "काकू, ही कसर नाही. हिची अळी पानात वाढते, कापडाला शिवत नाही. आणि पाकोळी झाल्यावर तर हिला खायला तोंडच नसतं."

"तोंड न्हाई?" द्वारकाबाई म्हणाल्या. "मंग सासरी लई बरी नांदंल." बायका हसल्या. मग द्वारकाबाई हळूच म्हणाल्या, "गुर्जी, माझ्या आईची तेवढीच खूण व्हती."

 घरी जाऊन गुरुजींनी कचेरीला अर्ज लिहिला: 'सदर झाडावर कसर नाही. पुरावा म्हणून पान जोडले आहे.' त्या पानात मी होते. टाचणी माझ्यापासून दोन बोटांवरून गेली.

कचेरीत उर्दू जाऊन मराठी आली, त्याला वर्षही झालं नव्हतं. कारकून तात्यासाहेब मोडी वाचणाऱ्या घरातले, पण सगळं शिक्षण उर्दूत. उर्दूत कसर म्हणजे कमी, उणीव. त्यांनी चष्मा सारून अर्ज मोठ्याने वाचला, पान उलटसुलट केलं आणि शेजारच्याला म्हणाले, "मास्तर मोठे समजदार. खुद्द लिहितात, झाडांची कसर नाही. नमुना पण धाडलाय." आणि शेरा मारला: झाडांची कमी नसल्याने एक तोडण्यास हरकत नाही.

मी पानाच्या आत होते. ओरडू कशी?

चार दिवसांनी गुरुजी कचेरीत आले आणि त्यांनी शेरा वाचला. त्यांनी अर्थ समजावला. तात्यासाहेबांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी चहा मागवला.

"मग किडा लिहायचं ना, मास्तर," ते म्हणाले. "हुकूम तर कालच रवाना झाला."

माणूस वाईट नव्हता. म्हणूनच जास्त राग येतो. वाईट माणसाला शिव्या तरी देता येतात. या भल्या माणसाने एका पाकोळीच्या साऱ्या कुळावर शाई फिरवली आणि वर चहा पाजला.

गुरुजींनी अर्ज पिशवीत घालून घरी आणला. मी पानातच कोष केला. आठव्या दिवशी पंख घेऊन बाहेर आले आणि खिडकीतून तळ्याकडे निघाले. वाटेत आमच्यातला कोणी तरी भेटला, पोटात अंडी धरली. झाडाच्या जागी बुंधा होता, चिकाने ओला. फांद्या पुंजारामच्या शेताला कुंपण म्हणून लावलेल्या. काटे कामाला आले होते.

त्या फांद्यांवरची काही पानं अजून हिरवी आहेत. मी आत्ता त्यांच्यावरच अंडी घालते आहे. परवापर्यंत ती वाळतील, हे मला कळतं. पण दुसरीकडे घालता येत नाहीत, आणि माझ्याकडे उद्याचाच दिवस आहे.

मित्रांनो, ही फांदी तुम्हाला वाचवता येणार नाही, खोटा धीर देऊ नका. फक्त पुढच्या झाडाला कुऱ्हाड लावण्याआधी त्याचं एक पान तोडा आणि उजेडात धरून बघा. आत कोणी तरी जेवत असेल.