विषय कोणाचा

"बाई, आता तुम्ही बाहेर बसा," बाबाराव वकील म्हणाले. ते कन्याशाळेच्या मंडळाचे अध्यक्ष. "खासगी बैठक आहे. ज्याचा विषय असेल त्यानं बाहेर जायचं, हा आपला नियम."

शरयूबाई उठल्या आणि दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"आता काहून थांबल्या?"

"भय्यासाहेब येतायत ना, म्हणून."

भय्यासाहेब खुर्चीतच होते. मिशीला लागलेला चुना पुसत होते. कोणीतरी खाकरलं. बाबारावांनी चष्म्यावरून पाहिलं, एखाद्या मुलीचं गणित चुकावं तसं.

"विषयपत्रिकेवर काय लिहिलंय? 'शरयूबाईंची तक्रार'. म्हणजे विषय तुमचा झाला. भय्यासाहेब सभासद आहेत. सभासदाला बाहेर कसं बसवणार?"

दार लागलं. कडीही लागली.

व्हरांड्यात अंजनी शेगडी पेटवून बसली होती. सकाळी घरोघर फिरून मुलींना शाळेत आणायचं, दुपारी पाणी भरायचं, मंडळ बसलं की चहा करायचा, हे तिचं काम. शरयूबाई पायरीवर बसल्या. नवरा गेल्यावर नॉर्मल स्कूलमधून शिक्षिकेची परीक्षा पास होऊन त्या या शाळेत लागल्या, त्याला आता केस पांढरे होण्याइतकी वर्षं झाली. गावात आपलं नाव कोणाच्या तोंडी नाही, याचंच त्यांना समाधान वाटायचं. मागच्या आठवड्यापर्यंत.

मागच्या आठवड्यात भय्यासाहेब पाट्या बघायला म्हणून सामानाच्या खोलीत आले, दार लोटलं आणि बाईंच्या कमरेला हात घातला. शाळेची इमारत त्यांनी दिली होती. इमारतीबरोबर आतल्या बायाही आपल्याच, असा त्यांचा समज. अंजनी घागर ठेवायला आली म्हणून सुटका झाली. तिनं सगळं पाहिलं होतं.

"काय करून राहिले आत?" अंजनीनं विचारलं.

"विचार."

"अच्छा. करू द्या. कधी करत नाहीत बिचारे."

शरयूबाईंना हसू आलं नाही. "तुला बोलावतील. सांगशील ना?"

"काहून नाही सांगणार? डोळे गहाण थोडेच ठेवले मी."

आतून कोणीतरी मोठ्यानं हसलं. मग कडी निघाली आणि हाक आली, "अंजनी!"

अंजनीनं पदर नीट केला. शरयूबाई उभ्या राहिल्या.

"चहा आण."

ती कप घेऊन आत गेली आणि रिकामा ट्रे घेऊन परत आली.

"काय म्हणाले?"

"मी गेली तर चुप झाले सगळे. भय्यासाहेब म्हणे, इसमें शक्कर कम है." अंजनी शेगडीपाशी बसली. "मी उभी राहिली, बाई. कोणी विचारनच म्हणून. वकीलसाब म्हणे, जा."

घटना पाहणारी एकच बाई त्या खोलीत चार माणसांसमोर उभी होती, आणि त्या चौघांना तिच्याकडून साखर हवी होती. ही आमची शिकलेली माणसं. सदर बाजारातून जाताना दुकानदार उठून नमस्कार करतात यांना.

चहा संपला तसा निर्णयही झाला. बाबारावांनी शरयूबाईंना आत घेतलं, खुर्ची दिली नाही.

"मंडळानं एकमतानं ठरवलं. हा विषय इतिवृत्तात घ्यायचा नाही. तुमचीच अब्रू राहावी म्हणून, बरं का. तुम्ही उद्यापासून गोहलपूरच्या शाखेत जा."

"एकमतानं? म्हणजे भय्यासाहेबांचंही मत धरलं?"

"अर्थात."

"त्यांनी काय मत दिलं?"

भय्यासाहेब कपाच्या तळाशी बघत म्हणाले, "बाई, मी तर तुमच्या बाजूनंच बोललो. नोकरीवरून काढू नका म्हटलं."

सगळ्यांनी माना हलवल्या. केवढा मोठेपणा! शरयूबाईंनी सामानाच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली, ती बरोबर भय्यासाहेबांसमोर. "मंडळ तुमचं आहे. सामानही तुम्हीच सांभाळा," म्हणाल्या, आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजनी नेहमीसारखी घरोघर गेली. पण या वेळी प्रत्येक दारात जरा थांबली. "बैठकीत मले कोणी विचारलंच नाही. म्हणून तुमच्या दारात सांगून राहिली," असं म्हणून तिनं पाहिलेलं सगळं सांगितलं. बापांनी ऐकून घेतलं. भय्यासाहेबांना जाब विचारायला एकही गेला नाही. मुलींना आत घेतलं आणि दारं लावली. एवढीच मर्दुमकी.

गोहलपूरची शाखा म्हणजे पत्रे ठोकणाऱ्यांच्या गल्लीतली एक खोली. तिथं मुली येतच नव्हत्या. शरयूबाई तिथं एकट्या बसल्या होत्या. ऊन चढल्यावर अंजनी आली. मागे दोन पोरी, घामानं थबथबलेल्या.

"दोनच?"

"इकडं यायला दोनच घरच्यांनी सोडल्या."

"आणि तुझी नोकरी?"

"गेली. चलो, झाडू कुठं आहे इथं?"

तिनं खोली झाडली. पोरींनी पाट्या काढल्या. शेजारी घण पडत होते, कानाशी बोललेलंही ऐकू येत नव्हतं. शरयूबाईंनी आवाज चढवला आणि पहिलं अक्षर सांगितलं.