दुपारनंतरचे पाणी

उदगीरच्या त्या गल्लीत टँकर आला की हंड्यांचा नुसता खणखणाट उठे. त्या दिवशीही रत्नम्माने दोन घागरी कशाबशा भरल्या. भिंतीवरच्या घड्याळात बाराचे ठोके पडले, आणि तिच्या सासूने, पार्वतम्मांनी, नित्याप्रमाणे पाण्याचा तांब्या वरच्या फडताळावर ठेवला. रत्नम्माच्या धाकट्या लेकीला, आठ वर्षांच्या शरणूला, दुपारनंतर पाणी मिळत नसे. जन्मापासून तिचा परकर कधी कोरडा राहिला नव्हता.

लातूर नवा जिल्हा झाला त्या वर्षी तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती : सोलापुरात मूत्रविकारांच्या सर्जनला दाखवा. रत्नम्माच्या नवऱ्याने, सिद्रामप्पांनी, ती पंचांगात घातली. "आधी थोरलीची सोयरीक. बोभाटा झाला तर कोण करंल पोरगी?" चार वर्षे चिठ्ठी तिथेच होती.

त्याच दुपारी थोरल्या उमादेवीला पाहायला निलंग्याचे पाहुणे यायचे होते. पार्वतम्मांनी शरणूला कडब्याच्या खोलीत कोंडले.

"वास मारतोय. घरात इटाळ नको."

"आत्याबाई, आपल्या लिंगायतांत इटाळ मानत न्हाईत. मी पाळीत बाजूला असताना तुम्हीच माझ्याकडून लिंगपूजा करून घेतली. मग ह्या लेकराला कसला इटाळ?"

"लई शहाणी हायस. पोहे परत."

रत्नम्माने पोहे परतले.

पाहुण्यांना बश्या देऊन ती खोलीकडे धावली. तापाने फणफणलेली शरणू मोरीलगतच्या भिंतीला आलेली ओल जिभेने चाटत होती.

लेकीला खांद्यावर टाकून रत्नम्मा थेट बैठकीत आली. मुहूर्तासाठी पंचांग उघडले होते. त्यातली चिठ्ठी तिने ओढून घेतली.

"ही कोण?" पाहुण्याने विचारले.

"माझी धाकटी. हिला लघवीचा आजार हाय. आम्ही लपवला."

"आत हो!" सिद्रामप्पा ओरडले. ती बाहेर पडली, ती एस.टी. स्टँडवरच थांबली.

सोलापूरच्या सर्जनने तपासण्या पाहून चष्मा काढला. "बाई, ही खोड नव्हे. हिची एक मूत्रनलिका जन्मतःच भलत्या जागी उघडते. चिठ्ठी मिळाली तेव्हाच आणली असती, तर एका शस्त्रक्रियेत मोकळी झाली असती. आता एक मूत्रपिंड नासलंय, काढावं लागेल. आणि हिचं पाणी कुणी तोडलं?"

सासूचे नाव रत्नम्माच्या ओठांशी आले. पण हाताला अजून पोह्यांच्या फोडणीचा वास असल्यासारखा वाटला.

"मीच," ती म्हणाली.

नर्सने पेला भरून आणला. शरणूने तो दोन्ही हातांनी धरला, पण ओठांना लावला नाही.

"अव्वा," तिने आईला हळूच विचारले, "बारा वाजले का गं?"