मुद्देमालातली खुर्ची

मित्रांनो, मी दाढी-कटिंगच्या दुकानातली एक जुनी फिरती खुर्ची आहे, आणि माझा सध्याचा पत्ता सांगायचीसुद्धा मला किळस येते. न्यायालयाच्या मागे मुद्देमालाची खोली आहे. गुन्ह्यात जप्त केलेल्या वस्तू तिथे कोंडून ठेवतात. माझ्या एका बाजूला दारूचे गळके कॅन आहेत, दुसऱ्या बाजूला कोणाच्या तरी रक्ताने कडक झालेला सदरा. माझ्या गादीत उंदरांनी संसार थाटला आहे. कारकून दुपारी माझ्यावर बसून डबा खातो आणि तेलकट बोटे माझ्याच हातांना पुसतो. शी! माझे मालक माझ्यावर केसाचा एक तुकडा राहू देत नसत हो!

मालकांनी मला नवी कोरी विकत घेतली होती. ओतीव लोखंडाचा जाड पाय, तांबडी गादी, मान टेकायला उशी. प्रत्येक गिऱ्हाईक उठले की फडका, आणि रात्री दुकान बंद करताना पुन्हा फडका. लोक म्हणत, "या खुर्चीत बसलं की डोळाच लागतो बघा." मालकांच्या दोन्ही मुलांचे केस माझ्यावरच कापले गेले. माझ्या दोन हातांवर आडवी फळी टाकून त्यांना बसवत. थोरला भोकाड पसरायचा आणि धाकटा त्याला वेडावून दाखवायचा.

मालक गेले. घर आणि घराच्या पुढच्या खोलीतले दुकान थोरल्याकडे आले. धाकट्याने पलीकडच्या गल्लीत स्वतःचे दुकान थाटले. माझ्याबद्दल मालक काहीच लिहून गेले नव्हते, आणि तिथेच ठिणगी पडली.

धाकटा म्हणाला, "दुकान तुला, खुर्ची मला. बाबा तसंच म्हणायचे."

थोरला म्हणाला, "खुर्ची गेली तर दुकानात उरलं काय? आरसा?"

एके दिवशी भर दुपारी धाकटा हातगाडी घेऊन आला. थोरला आत घोरत पडला होता. थोरल्याच्या बायकोने, म्हणजे धाकट्याच्या वहिनीने, स्वतः कडी काढली आणि दार धरून ठेवले. "सांभाळून रे, चौकटीला लागेल," असेही म्हणाली. तिला वाटले, एकदाचे भांडण मिटेल. हे मी स्वतः पाहिले आहे, पण खुर्चीची साक्ष कोण घेणार?

थोरला उठला आणि रिकामी जागा बघून त्याचे डोके फिरले. कोणीतरी त्याच्या कानात भरले की दिवाणीत दावा लावलास तर म्हातारा होशील, पोलिसात जा, चार दिवसांत खुर्ची दारात. मग या शहाण्याने काय करावे? दाराला कुलूप घातले, स्वतःच दगडाने ते फोडले आणि चौकीवर जाऊन सांगितले की भावाने रात्री कुलूप तोडून चोरी केली. बायकोलाही दटावून तोच जबाब द्यायला लावला. ज्याला लहानपणी कडेवर घेऊन त्याने माझ्याभोवती फेऱ्या मारल्या, त्याच्याच कपाळी हा चोराचा शिक्का!

पोलिसांनी मला धाकट्याच्या दुकानातून उचलले तेव्हा माझ्यावर बसलेल्या गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच राहिली. धाकट्याला कोठडीत नेले. पुढे तो जामिनावर सुटला. मी मात्र थोरल्याच्या दारात गेलेच नाही. पुरावा म्हणून माझ्या पायाला चिठ्ठी बांधली, शेजारी ते फुटके कुलूप ठेवले आणि मला या उकिरड्यात ढकलले.

राग ओसरल्यावर थोरला सरकारी वकिलांकडे गेला. "साहेब, भाऊच आहे. तक्रार मागे घेतो."

"तक्रार तुमची होती, खटला सरकारचा आहे," वकील म्हणाले. "कुलूप फोडून घरफोडी, असं तुम्हीच लिहून दिलंत. हे आता आपसात मिटण्यातलं राहिलं नाही. तुम्ही फक्त साक्षीदार."

थोरल्याचा चेहरा पडला. घरफोडी सिद्ध झाली तर धाकटा तुरुंगात जाणार, आणि कुलपाची गोष्ट खोटी म्हणून सांगितली तर तो स्वतः अडकणार. तो शेपूट घालून घरी परतला. मला त्याची कीव यायला हवी होती, पण शिसारी आली.

सुनावणीच्या दिवशी मला दोन न्यायालयांच्या मधल्या बोळात ठेवले होते. डावीकडे दिवाणी. तिथे आरोपी नव्हता, पोलीस नव्हते. दोन शेजारी भिंतीवरून भांडत होते. भिंत कोणाची, एवढाच प्रश्न. कोणाचे म्हणणे जास्त पटते ते पाहून न्यायाधीश निकाल देणार, फार तर भिंत पाडा किंवा भरपाई द्या म्हणणार. जेवणाच्या सुट्टीत दोघांनी अर्धी अर्धी भिंत कबूल केली आणि दावा मिटवून घरी गेले. माझा प्रश्न तिथलाच होता, मित्रांनो! उजवीकडे फौजदारी. तिथे एका बाजूला अख्खे सरकार आणि दुसऱ्या बाजूला कठड्यात एकटा धाकटा. खुर्ची कोणाची हा तिथला प्रश्नच नव्हता. याने गुन्हा केला का, एवढेच तिथे विचारतात, आणि खात्री पटली तर शिक्षा सुनावतात. मनात रास्त शंका उरली तर सोडावे लागते.

मला आत नेले. वहिनी साक्षीला उभी राहिली. जबाबात लिहिले तसे बोलली तर दीर तुरुंगात जाणार. खरे बोलली तर नवरा. तिने पदराने तोंड पुसले.

"कुलूप नव्हतंच साहेब. दार मी उघडलं. मीच धरून उभी होते. खुर्ची जड आहे, दार मिटलं की अडते."

"मग कुलूप कोणी फोडलं?" न्यायाधीशांनी विचारले.

तिने नवऱ्याकडे पाहिले. "यांनी. नंतर."

सरकारी वकील ताडकन उठले आणि म्हणाले, साक्षीदार फितूर झाली आहे. ऐकलेत? खोटे बोलत होती तोवर ती सरळ साक्षीदार होती, आणि खरे बोलली तशी फितूर! त्यांच्या पोथीत म्हणे तोच शब्द आहे. मला त्या शब्दाचाच वीट आला.

धाकटा सुटला. खोट्या फिर्यादीबद्दल थोरल्याला वेगळी नोटीस निघाली. न्यायाधीश म्हणाले, "हा चोर नाही, एवढं मी सांगितलं. खुर्ची कोणाची ते समोर दिवाणीत ठरवून घ्या. नाहीतर एकमताने आत्ताच सांगा, कोणाच्या ताब्यात देऊ?"

थोरला मान खाली घालून म्हणाला, "यालाच द्या."

धाकटा माझ्याजवळ आला. माझ्या उशीवर त्याने हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "नको साहेब. हिच्याशेजारी उभा राहिलो की हात थरथरेल माझा. हातात वस्तरा असतो. दादालाच द्या."

"मला नको," थोरला पुटपुटला.

न्यायाधीशांनी वहिनीकडे पाहिले. ती म्हणाली, "राहू द्या इथंच. ही घरात आली तर हे दोघं जन्मभर हिच्याकडे बघत बसतील, एकमेकांकडे नाही."

कोणीच अर्ज केला नाही. म्हणून मी इथे आहे.

मित्रांनो, मला पुसा, तेल घाला, अशी विनवणी मी करणार नाही. विनवणी वेगळीच आहे. वस्तू कोणाची हा वाद असेल तर तो वाद म्हणूनच भांडा, हवे तितके तावातावाने भांडा, दिवाणीत जा, वर्षे घालवा. पण ती चटकन हाती यावी म्हणून आपल्या माणसाला चोर म्हणू नका. माझ्यासाठी दोघे जीव टाकत होते. आता मी फुकट मिळत असूनही दोघांनाही नको आहे.